खाडीच्या अलीकडचे सोयरे

समुद्र बघायला निघालेल्या बैलगाडीचं तोंड पहिल्याच दिवशी घाटाकडे वळवायचं, हा शहाणपणा फक्त आमच्या घरात होऊ शकतो. समुद्र मावळतीला, आमची गाडी उगवतीला. मी त्या गाडीत बसले होते, मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन, आणि तोंडातून ब्र काढला नाही. ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मोठी लढाई संपली, त्याच्या पुढच्या माघातली ही गोष्ट. आमचं गाव खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठी. घरात सासरे येसाजी, त्यांना आम्ही मामंजी म्हणतो. थोरले दीर मालोजी भिवपुरीच्या वीजघरात कामाला, सुटीला घरी येणार आणि आल्याबरोबर सगळ्यांना अक्कल शिकवणार. त्यांची बायको म्हणजे माझ्या जाऊबाई. मग माझे यजमान. त्यांना घरात सदू म्हणतात. मी अर्थातच नाव घेत नाही. आणि परत माहेरी आलेली नणंद, बायजा.

बायजाचा नवरा नामा पलटणीत भरती झाला होता. बोटीतून त्यांना कुठे परमुलखात नेत होते, ती बोट वाटेत बुडाली. तार आली की नामा सापडला नाही. सासरच्यांनी दर्भाचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म उरकलं, बायजाचं कुंकू पुसलं आणि तिला आमच्या दारात आणून सोडलं. त्याला चार वर्षं होत आली होती. आता घाटावरच्या एका घरातून तिला पाटासाठी मागणी आली. माणूस बिजवर, दोन लेकरं, जमीन बरी. आमच्यात विधवेचा पाट लावतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मामंजींनी होकार कळवला. बायजानं एकच अट घातली.

"मला आधी समुद्र दावा. मंग तुमी म्हनाल तिथं उभी ऱ्हाते."

पुरुषांना वाटलं, नवऱ्याच्या नावानं नारळ सोडायचा असेल. बाईमाणसाचं मन, तेवढं करून टाकू. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं. नदीवर धुणं आपटता आपटता तिनं मला सांगितलं होतं.

"वयनी, तार काय म्हनते? सापडले नायत. मेले असं कुठं म्हनते?"

"अगं पर बोट बुडाली ना."

"बोट बुडाली. ते कशाला बुडतील? श्रावनात, पूर आल्याला असताना, पल्याड अडकल्यालं रेडकू घेऊन ह्याच नदीतनं पोहून आले ते. तू व्हतीस की काठाला." तिनं पिळलेलं लुगडं दगडावर आपटलं. "समुद्राला बी पल्याडचा काठ असंलच ना? दादा सांगतो, रेवसला उभं ऱ्हायलं तर पल्याड मुंबयचे दिवे दिसतात. म्हंजे पल्याड मुंबय हाय. पोहनारा मानूस कुठं तरी लागनारच. मला एकदा बघू दे, किती पानी हाय. आवाक्यातलं असंल तर मी वाट बघीन. नसंल तर सोडून दीन."

मी तरी कुठे समुद्र पाहिला होता? आमचं मीठ तिकडून येतं, सुकट-बोंबील तिकडून येतात, पण आमच्या गावच्या बायांतली एकही तिकडे गेलेली नव्हती. माझ्याही डोक्यात समुद्र म्हणजे दोन काठांचंच पाणी होतं. नदीच्या कितीतरी पट रुंद असेल, पण अलीकडे आपण आणि पलीकडे मुंबई. बायजा संध्याकाळी डोहाच्या वळणावर जाऊन बसायची. आमच्या नदीत वाहून गेलेलं जे काही असेल, ते त्या वळणाला येऊन लागतं. घरचे म्हणायचे, बसू दे, तिला तिथे बरं वाटतं.

तर बेत आखायला घेतला मालोजी भाऊजींनी. का, तर त्यांनी समुद्र पाहिला होता. तीन वर्षांपूर्वी त्यांचा साहेब मोटारीतून मुरूडपर्यंत गेला, तेव्हा सामान उचलायला यांना मागे बसवून नेलं होतं. तेव्हापासून घरात समुद्र म्हणजे जणू त्यांची खासगी मालमत्ता.

पहिल्या संध्याकाळी मात्र मजा आली, खोटं कशाला बोलू? त्यांनी ओटीवर कोळशानं समुद्राचा काठ काढला आणि मुक्कामाच्या जागी एकेक चिंचोका ठेवला. पेण. मग धरमतरला तरीच्या होडीतून गाडीबैल खाडीपार. मग अलिबाग. तिथून काठाकाठानं चौल, रेवदंडा.

"डाव्या हाताला माडाच्या वाड्या, उजव्या हाताला पानीच पानी," भाऊजी सांगत होते. "वाऱ्यानं मानूस हलका होतो. गाडीत पडून ऱ्हायचं आन बघत जायाचं."

आम्ही दोघी दाराआड उभ्या राहून ऐकत होतो. बायजानं माझं मनगट धरलं होतं. चार वर्षांत तिच्या तोंडावर तेवढा उजेड मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी भाऊजींना काटकसर आठवली. सर्व्हिस मोटारीनं जाणं परवडणारं नव्हतं, ते सगळ्यांनाच मान्य होतं. गाडी घरची, बैल घरचे, पेंढा घरचा, पीठ घरचं. उरला प्रश्न रात्री पाठ टेकायचा. यजमान म्हणाले, "अलिबागेत धरमशाळा असंल."

"धरमशाळंत?" भाऊजी असे दचकले की चिंचोके हलले. "येसाजीच्या घरच्या बायका धरमशाळंत पडनार? सोयरेधायरे मेले काय आपले? एक दिडकी वाटंत खर्चायची नाय. रोजचा मुक्काम सोयऱ्याकडं. जेवान बी तिथंच."

मामंजींनी मान डोलावली. मग काय, चिंचोके चालू लागले. खोपोलीला मामंजींची बहीण. ती उलट्या दिशेला, पण तिला वगळून पुढे गेलो तर ती जन्मभर बोलणार नाही. म्हणून पहिला चिंचोका खोपोलीला. मग वावोशीला जाऊबाईंची मावशी. मग जांभूळपाड्याला भाऊजींचा साडू. तिथवर गेलोच आहोत तर पालीचा गणपती काय लांब, आणि पालीला यजमानांचा मावसभाऊ आहेच. शेवटी पेण, जाऊबाईंचं माहेर. तिथे दोन मुक्काम, कारण जावयाला एका रात्रीत सोडत नाहीत.

आणि पेणच्या पुढे? पुढे आमचा कुणी नाहीच. आमच्या घरानं खाडीपलीकडे कधी मुलगी दिली नाही आणि कधी आणली नाही. तिकडे विहिरीला गोडं पाणी लागत नाही, शेतात भरती शिरते, लेक उपाशी मरेल, असं म्हातारी माणसं म्हणत. त्यामुळे आमची सोयरीक खाडीच्या अलीकडे थांबलेली. पुढे चिंचोका ठेवायला जागाच नाही. अलिबाग, चौल, रेवदंडा, सगळे चिंचोके उचलून भाऊजींनी खिशात टाकले. कोळशाची रेघ तेवढी राहिली.

माझ्यानं राहवेना. मी दाराआडून विचारलं, "आन समुद्र?"

भाऊजी माझ्याशी थेट बोलत नसत. ते यजमानांना म्हणाले, "सदू, तुझ्या बायकोला सांग, पेनला खाडी हाय. समुद्राचंच पानी त्ये."

यजमानांनी मला सांगितलं. जसं काही मी बहिरी होते. बरं, हा फुकटचा मुक्काम तरी फुकट होता का? सोयऱ्याच्या दारात रिकाम्या हातानं कोण जातं? खोपोलीला तांदूळ आणि गुळाची ढेप. वावोशीला कोंबडी. जांभूळपाड्याला साडूच्या बायकोला चोळीचा खण. कापड तेव्हा रेशनवर होतं. मी दोन वर्षं पेटीत जपून ठेवलेला खण जाऊबाईंनी माझ्यासमोर काढून घेतला आणि वर म्हणाल्या, "घरच्या अब्रूचा सवाल हाय गं." धरमशाळेत कुणाला खण द्यावा लागत नाही. पण हे बोलायचं कुणाला? माझ्या मनात चूल धुमसत होती आणि मी बसले होते फुंकत.

रात्री मी यजमानांना गाठलं. "तुमी तरी बोला की. त्या पोरीला समुद्र बघायचाय, मावश्या नाय."

"दादानं ठरवलंय," ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले. या माणसाशी मी संसार केला.

तर अशी आमची गाडी निघाली, उगवतीला तोंड करून. प्रवासाचं काय सांगू? प्रत्येक दारात गूळपाणी, प्रत्येक दारात तीच उणीदुणी. कुणाचं जावळ, कुणाचा बांध, कुणी कुणाच्या लग्नात मानाचं पागोटं दिलं नाही. प्रत्येक घरातल्या बाया बायजाकडे बघून चुकचुकायच्या, तिच्या पाटाच्या घराची चौकशी करायच्या. बायजा उत्तरं द्यायची आणि गाडीत बसली की मला विचारायची, "वयनी, आता किती लांब ऱ्हायला?" पालीला तर मावसभावानं आम्हाला ठेवूनच घेतलं. भाऊजी पुरणपोळी खाऊन मावळतीकडे पाय करून घोरत होते. मला वाटलं, लाथ घालावी.

पेणला पोचलो तेव्हा जाऊबाईंच्या माहेरी मोठं स्वागत झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी, जावयाची झोप झाल्यावर, भाऊजी आम्हाला खाडीवर घेऊन गेले. ओहोटी लागली होती. काळा चिखल, चिखलात कलंडलेले दोन मचवे आणि मधून सरकणारं गढूळ पाणी. पलीकडच्या काठावर एक माणूस म्हैस हाकत होता. त्याची हाळी आम्हाला ऐकू येत होती.

"ह्यो बग," भाऊजी म्हणाले आणि नारळ बायजाच्या हातात दिला. "समुद्राचंच पानी. खारट हाय का नाय, चाखून बग. सोड नारळ. उद्या सकाळी माघारी निघू."

बायजानं बोट बुडवून जिभेला लावलं. मग ती पलीकडे बघत राहिली, त्या म्हशीवाल्याकडे. आणि हळूहळू तिचं तोंड फुललं.

"एवढाच?" ती म्हणाली. "वयनी, एवढाच हाय गं! ह्ये तर ते एका हातानं पोहून आले असते." ती मामंजींकडे वळली. "आबा, मी पाटाला उभी ऱ्हानार नाय. त्यास्नी निरोप धाडा. माझा मानूस जित्ता हाय."

मामंजींचं तोंड पांढरं पडलं. भाऊजी ओरडायला लागले, घराण्याचा शब्द गेला, घाटावर काय तोंड दाखवायचं, पोरीला वेड लागलंय. भाऊजींच्या शब्दांकडे माझं लक्षच नव्हतं. मला फक्त एवढं कळत होतं की आत्ता इथून गाडी माघारी वळली तर ही पोर मरेपर्यंत त्या डोहाच्या वळणावर बसणार. समुद्र केवढा असतो ते मला ठाऊक नव्हतं. पण हा तो नाही, एवढं कळायला मोटारीतून मुरूडला जावं लागत नाही.

मी पदर खोचला आणि सासऱ्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यासमोर कधी मान वर केली नव्हती.

"मामंजी, ह्या पान्यात पलटन भरल्याली बोट बुडंल व्हय? ह्यात आमची म्हस बुडायची नाय! इथं बोट आलीच कशी, आन बुडाली कशी, त्ये भाऊजींना इचारा."

"सदू, तुझ्या बायकोला..."

"त्यास्नी कशाला सांगता? मी इथं उभी हाय, मला सांगा! पोरगी समुद्र बघायला निघाली, आन तुमी तिला मावशी दावली, साडू दावला, आता चिखुल दावताय. हाच समुद्र हाय, असं माझ्या तोंडाकडं बघून म्हना. म्हना!"

यजमान चिखलाकडे बघत होते. मामंजींनी खाडीकडे पाहिलं. मग भाऊजींना विचारलं, "मालोजी, ह्योच का रं त्यो?"

"पानी त्येच की आबा. पुढं आपला कुनी सोयरा नाय. रातीचं उतरायचं कुठं?"

"गाडीखाली," मामंजी म्हणाले. "बैल जोड."

धरमतरला तरीवर बैल चढायला तयार नव्हते, त्यांना शिव्या देत चढवलं. रात्री पोयनाडच्या बाजाराच्या मोकळ्या जागेत गाडीखाली झोपलो. आमच्यासारख्याच चार-पाच गाड्या तिथे सुटलेल्या होत्या. शेजारच्या गाडीतल्या बाईनं आम्हाला विस्तव दिला आणि बदल्यात खण मागितला नाही. घराण्याची अब्रू सकाळी जागच्या जागी होती. जाऊबाई तेवढ्या तोंड फुगवून बसल्या होत्या.

अलिबागेत शिरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. गाडी थेट वाळूपर्यंत नेली. भरती चढत होती. बायजा गाडीतून उतरली आणि चालत पाण्याजवळ गेली. मी तिच्या मागोमाग.

मी काठ शोधत होते. आधी समोर, मग डावीकडे, मग उजवीकडे. पाण्यात किल्ला होता, त्याच्या मागे पाणी होतं, आणि त्या पाण्याच्या मागे आभाळ लागत होतं. मला खरंच भीती वाटली. माझे पाय वाळूत होते, तरी मी हातानं काही धरायला बघत होते.

"मुंबय कुठं हाय?" बायजानं विचारलं.

भाऊजी मागून आले होते. त्यांनी उजवीकडे हात केला. "ती तिकडं, वरच्या अंगाला. आपल्याच बाजूला ती. इथनं नाय दिसायची."

"आन समोर?"

"समोर काय नाय. पानीच."

"पल्याडचा काठ?"

"अगं, पल्याडला आफ्रिका का काय म्हनतात त्ये. आगबोटीला सुद्दा कैक दिवस लागतात."

बायजा पाण्यात शिरली. गुडघ्याइतक्या पाण्यात उभी राहिली आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन तिनं हाक मारली.

"नामाऽऽ!"

नवऱ्याचं नाव. आमच्या गावात कुठल्याही बाईनं, नवरा जिवंत असो की मेलेला, कधी असं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. जाऊबाईंनी तोंडावर हात ठेवला. बायजानं पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली, नदीच्या पलीकडे असलेल्या माणसाला मारतात तशी, शेवटचं अक्षर लांबवून. हाक आदळून परत यायला समोर काठच नव्हता. घसा बसला तेव्हा ती थांबली. काठावरचे कोळी जाळी सोडून बघत उभे होते.

"बास झालं," भाऊजी म्हणाले. "लोक बघत्यात. नारळ सोड आन चल."

ती वळली. मला वाटलं होतं ती रडत असेल. रडत नव्हती. तिचा चेहरा रागानं काळा पडला होता.

"दादा, तू समुद्र कवा बघितलास?"

"साहेबासंगं आलो तवा. तीन वर्सं झाली."

"तवा असाच व्हता?"

"म्हंजे? असाच की. समुद्र काय बदलतो व्हय?"

"असाच व्हता. काठ नव्हता त्याला."

"कसा आसंल काठ?"

"मंग मला सांगितलं का नायस?"

भाऊजी गडबडले. "तू इचारलंस कवा?"

"मी इचारलं नाय!" बायजा पाण्यातून त्यांच्या अंगावर चालून आली, ओलं लुगडं ओढत. "तू घरी येऊन मला माडाच्या वाड्या सांगितल्यास. वारा सांगितलास. साहेबानं कसले मासे खाल्ले त्ये सांगितलंस. मुंबयचे दिवे सांगितलेस! आन मी त्या दिव्यांवर तीन वर्सं काढली. रोज सांजंला डोहावर जाऊन बसत व्हते, तू सुटीला आलास की तुझ्या म्होरनं जात व्हते, तू ओटीवर इडी वडत बसल्याला असायचास. तुला दिसत नव्हतं मी कुनाची वाट बघते? आबांनी समुद्र बघितला नव्हता. वयनीनं नव्हता बघितला. तू बघितला व्हतास, दादा. एकल्या तुला ठाऊक व्हतं की ह्यातनं मानूस येत नाय. पाट लावा, नाय तर नका लावू, आता माझं कुनी यायचं नाय. पर तू सांगितलं का नायस, तेवढं मला सांग."

भाऊजींच्या हातात तो नारळ तसाच होता. मामंजी त्यांच्याकडे बघत होते. यजमान नेहमीसारखे भावाच्या मदतीला पुढे सरकले. "अगं बायजा, त्याला काय ठाऊक तुझ्या मनात..." एवढ्यात मी त्यांचा दंड धरून त्यांना मागे खेचलं, सासऱ्यांसमोर, सगळ्यांसमोर.

"तुमी गप ऱ्हावा," मी म्हटलं. "त्यास्नी देऊ दे उत्तर."

आम्ही सगळे उभे राहिलो. भरतीचं पाणी वर चढत गाडीच्या चाकाला लागलं, बैल मागे सरायला लागले, तरी भाऊजींनी तोंड उघडलं नाही.